पटावरची मुलं

३ ऑक्टोबर २०११ रोजी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांमधून मुलांच्या बोटांना शाई लावली जात होती. मतदानाच्या दिवशी लावतात तशी, सहजी न पुसणारी. दसरा तोंडावर आला होता. तीन दिवस राज्यभर एकाच वेळी महसूल आणि इतर खात्यांचे कर्मचारी वर्गावर्गात शिरून डोकी मोजत होते. शाई कशासाठी, हे कुणी लपवलंही नव्हतं. एका शाळेत मोजलेलं मूल गाडीत घालून दुसऱ्या शाळेच्या बाकावर नेऊन बसवलं जाऊ नये, एवढ्याचसाठी.

नांदेड जिल्ह्यात अशी मोजणी आधीच झाली होती. तिथे जे उजेडात आलं, त्यामुळे सरकारला राज्यभर पट पडताळणी करणं भाग पडलं. हिशेब लागला तेव्हा पटावर नाव असलेली सुमारे २० लाख मुलं जागेवर सापडली नाहीत. त्यातली काही आजारी असतील, काही मामाच्या गावाला गेली असतील, काही आईबापांबरोबर रानात असतील. पण बाकीची कधी जन्मालाच आली नव्हती. ती फक्त पटावर होती. पटावर ती असल्यामुळे तुकडी टिकत होती, तुकडीमुळे शिक्षकाचं पद टिकत होतं, पदामुळे अनुदान येत होतं, आणि शिवाय पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, पुस्तकं हेही सगळं पटाच्याच मापाने येत होतं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, गुन्हे दाखल करण्याचे आदेश निघाले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले.

संस्थाचालकांच्या लबाडीला नावं ठेवून हा विषय मिटवता येतो, आणि बहुतेकांनी तो तसाच मिटवला. पण शाळेत येणाऱ्या मुलाचा आकडा आणि शाळेला मिळणारा पैसा यांची गाठ कुणी मारली, कधी मारली, हे पाहायला गेलं तर गोष्ट दीडशे-दोनशे वर्षं मागे जाते.

पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती गोळा करायला घेतली. गव्हर्नरच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्येच लिहून ठेवलं होतं की लहान असो वा मोठं, शाळा नाही असं गाव आपल्या मुलखात क्वचितच असेल. कलेक्टरांकडून आकडे आले तेव्हा चित्र इतकं भरघोस नव्हतं. १८२९ च्या गोषवाऱ्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी आहेत, म्हणजे शाळेमागे वीसेक मुलं. मुली जवळपास नाहीतच, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांची मुलंही नाहीत. जुन्या शाळांचे गोडवे गाताना हा तपशील गाळायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही.

पण त्या पंतोजींच्या शाळेत एक गोष्ट होती, ती पुढे हरवली. तिथे वार्षिक परीक्षा नव्हती, इयत्ताही नव्हती. धुळाक्षरं गिरवून झाली की मूल पुढे जायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी अशी पाढ्यांची चढण होती आणि मूल तिच्या कोणत्या पायरीवर उभं आहे हे संध्याकाळी परवचा म्हणताना सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. मोडी वाचता येते की नाही, याची चाचणी घरी आलेल्या पत्रावर व्हायची. पंतोजीला मुलाची प्रगती कळायची, बापाला कळायची आणि मुलाला तर कळायचीच. चौथ्या कुणाला ती कळवायची गरज नव्हती. छडी होती, घोकंपट्टी होती, अर्थ न कळता केलेलं पाठांतर होतं. वरच्या कचेरीत पाठवायचा तक्ता मात्र नव्हता.

मापन म्हणून परीक्षा आपल्याकडे रुळली ती आधी तमाशासारखी, चारचौघांत. १८५३ च्या फेब्रुवारीत जोतिराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा पुणे कॉलेजात जाहीरपणे झाली. दोनशेहून अधिक मुली उत्तरं द्यायला आणि ती ऐकायला हजारोंची गर्दी. त्या परीक्षेला आजच्या अर्थाने गुणपत्रक नव्हतं. मुलींना शिकवता येतं आणि त्या शिकतात, हे शहराच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं, आणि ते झालं. दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्मग्रंथांवर हक्क कुणाचा, असा सवाल ती त्यात करते. अशा निबंधाला शंभरापैकी किती द्यावेत, हे ठरवायला कोणी परीक्षक बसलेला नव्हता, हे एका अर्थी बरंच झालं.

पैशाची गाठ पडली ती यानंतर, आणि ती इंग्लंडातून आली.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायचं धोरण आणलं. अनुदान द्यायचं तर कशाच्या आधारावर? इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने १८६२ मध्ये याचं रोखठोक उत्तर काढलं. सहा वर्षांवरच्या मुलामागे हजेरीचे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांत मूल पास झालं तर विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स. सगळे मिळून १२ शिलिंग. मूल एका विषयात नापास झालं की तेवढे पैसे कापायचे. निकालावर पैसा, असा सरळ सौदा. लो यांचा दावा असा की शिक्षण स्वस्त तरी होईल किंवा चांगलं तरी होईल.

ते चांगलं झालं नाही. कवी म्हणून ज्यांचं नाव आज घेतलं जातं, ते मॅथ्यू अर्नल्ड पोटासाठी शाळा तपासनीस होते, आणि आपल्या वार्षिक अहवालांतून ते वर्षानुवर्षं सरकारचे कान उपटत राहिले. परीक्षेला लागणारं वाचनाचं पुस्तक वर्षभर इतकं घोटून घेतलं जाई की मुलांना ते तोंडपाठ होई, आणि तपासनिसासमोर वाचणारं मूल खरोखर वाचतंय की म्हणतंय हेच कळेना. इतिहास, भूगोल यांना शिलिंग नव्हते, म्हणून ते विषय आक्रसले.

मुंबई इलाख्याने हीच पद्धत १८६० च्या दशकात उचलली. सर अलेक्झांडर ग्रँट तेव्हा शिक्षण खात्याचे संचालक होते. खासगी शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं आणि गावोगाव वर्षातून एकदा अवतरणारा तपासनीस शाळेचा भाग्यविधाता झाला. हा डेप्युटी इन्स्पेक्टर मराठीत ‘डिपोटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. डिपोटी येणार म्हणून शाळा सारवली जायची, हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवली जायची, आणि त्या दिवशी वर्गात कधी नव्हे ती शांतता असायची. शाळा तपासणीचा प्रसंग पुढे मराठी विनोदी लेखकांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला. विनोद कशाचा होता, तर सगळ्यांना माहीत असलेल्या एका नाटकाचा. मास्तरला माहीत की हे खोटं, पोरांना माहीत, आणि डिपोटीही काल-परवापर्यंत मास्तरच होता, त्यामुळे त्यालाही माहीत.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग बसला तेव्हा फुल्यांनी १९ ऑक्टोबरला त्याच्यापुढे निवेदन ठेवलं. ते मुख्यतः लक्षात राहिलं आहे ते बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी, आणि रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं या आरोपासाठी. पण त्यात तपासणीवरही एक परिच्छेद आहे आणि तो वाचताना त्यांचं व्यवहारज्ञान लख्ख दिसतं. डिपोटीच्या वर्षातल्या एका भेटीने काही साधत नाही, असं ते म्हणतात. निदान तीन महिन्यांनी तरी एकदा तपासणी व्हावी, आणि मध्येच, वर्दी न देता, शाळांना भेटी द्याव्यात. ज्या माणसाने स्वतः शाळा चालवल्या होत्या, त्याला ठाऊक होतं की वर्दी देऊन केलेल्या तपासणीत तयारी मोजली जाते, शिक्षण नाही. वर्दी न देता जायचं, ही सूचना तेव्हा मनावर घेतली गेली असती तर २०११ ची शाई कदाचित वाचली असती.

आयोगाने महाविद्यालयांसाठी निकालावर पैसा नको म्हटलं, पण देशी प्राथमिक शाळांसाठी मात्र ही पद्धत ठीक मानली. मोठ्यांना विश्वास, धाकट्यांना हिशेब. अखेर १९०४ मध्ये कर्झनच्या सरकारने शिक्षण धोरणाचा ठराव काढून परीक्षांच्या अतिरेकावर टीका केली आणि निकालावर पैसा देण्याची पद्धत बंद केली. इंग्लंडने ती त्याआधीच सोडून दिली होती. पद्धत गेली, पण तिने लावलेली सवय राहिली. व्हर्नाक्युलर फायनल आणि मॅट्रिक या परीक्षा तर सरकारी नोकरीचे दरवाजेच होते. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला जे मूठभर पास झाले त्यांत रानडे आणि भांडारकर होते. नंतरच्या पिढ्यांत ‘मॅट्रिक नापास’ हीही लग्नाच्या बाजारात सांगण्याजोगी पदवी ठरली.

विसाव्या शतकात मोजणाऱ्याची नजर मुलाकडून समाजाकडे वळली. आता प्रश्न असा झाला की किती मुलं शाळेत आहेत आणि किती टिकतात. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. मग १९२९ मध्ये हार्टोग समितीचा अहवाल आला आणि त्यातल्या एका आकड्याने सगळ्यांची झोप उडवली. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली होती अवघी १८. समितीने या दुखण्याला दोन नावं दिली. मूल मध्येच शाळा सोडतं ती गळती, आणि एकाच वर्गात वर्षानुवर्षं बसून राहतं ती स्थगिती.

आकडा खरा होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष वादाचा ठरला. समितीचं म्हणणं पडलं की शाळा वाढवण्यापेक्षा आहेत त्या सुधाराव्यात. कमकुवत शाळांवर पैसा कशाला घालवायचा? मुंबईत प्राथमिक शिक्षणाचं काम आयुष्यभर केलेले रा. वि. परुळेकर हे अशा विचाराच्या नेमके विरुद्ध टोकाला होते. आधी सर्वांपर्यंत शाळा पोचू द्या, त्यासाठी वर्ग मोठे करावे लागले, पाळ्या लावाव्या लागल्या तरी चालेल, दर्जाच्या नावाखाली गरिबाला दाराबाहेर ठेवू नका, अशी त्यांची भूमिका होती. एकाच तक्त्याकडे पाहून एक माणूस म्हणतो शाळा कमी करा, दुसरा म्हणतो वाढवा. आकडा बोलतो, असं म्हणतात. प्रत्यक्षात तो ज्याच्या हातात असतो त्याच्याच आवाजात बोलतो.

समितीचे अध्यक्ष फिलिप हार्टोग हे गृहस्थ मुळात रसायनशास्त्रज्ञ. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मापनावर त्यांची श्रद्धा होती, आणि तिचा पुढचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनच्या चॅटहॅम हाउसमध्ये गांधी म्हणाले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आजचा हिंदुस्थान अधिक निरक्षर आहे. हार्टोग सभेत होते. त्यांनी तिथल्या तिथे पुरावा मागितला, आणि मग कित्येक वर्षं पत्रांतून मागतच राहिले. गांधींपाशी त्यांच्या समाधानाइतका पुरावा नव्हता, पण त्यांनी विधानही मागे घेतलं नाही. हा वाद ज्या कागदांवर उभा होता ते म्हणजे कलेक्टरांनी १८२० च्या दशकात पाठवलेले देशी शाळांचे आकडे. मुंबई इलाख्यातले ते कागद परुळेकरांनीच पुढे शोधून संपादित केले, आणि त्यांतली एक मोठी उणीव दाखवली. सरकारने शाळा मोजल्या होत्या. घरच्या घरी होणारं शिक्षण बहुतांशी मोजलंच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तक्त्यात रकाना नाही, ती शंभर वर्षांनंतरच्या वादात अस्तित्वातच नव्हती असं धरलं जातं.

इकडे हार्टोग परीक्षांच्याच परीक्षेला लागले. १९३५ मध्ये त्यांनी ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूळ परीक्षेत अगदी सारखेच मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या, आधीचे गुण पुसले आणि १५ अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. ९६ पैकी द्यायच्या गुणांत त्यांनी चाळीसहून अधिक वेगवेगळे आकडे दिले. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिलं आणि त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांपैकी १४ जणांना पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णय झाले, नापास, पास किंवा विशेष पास असे. त्यांपैकी ९२ निर्णय त्याच माणसाने स्वतःच बदलले होते. आपलंच माप आपल्याशी जुळत नाही, हे इतक्या स्वच्छपणे याआधी कुणी मांडलं नव्हतं. बोर्डाच्या निकालानंतर एका गुणावरून रडणाऱ्या मुलांच्या घरी हा प्रयोग कुणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

याच काळात धारवाडला डॉ. वि. वि. कामत बुद्धी मोजण्याच्या मागे होते. फ्रान्सच्या बिनेने तयार केलेल्या चाचण्यांचं त्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर आणि प्रमाणीकरण केलं. ती बिने-कामत चाचणी आजही महाराष्ट्रातल्या मानसशास्त्रज्ञांच्या कपाटात सापडते. बिनेचा मूळ हेतू मर्यादित होता. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल, हे शोधायचं. मापाचा उपयोग मदतीसाठी होणार असेल तर खोटं बोलण्याचं कुणालाच कारण उरत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हा धागा सरकारी कचेऱ्यांपेक्षा बाहेरच्या माणसांनी अधिक धरून ठेवला. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या गैरहजेरीचं कारण विचारलं, तर उत्तर मिळालं की मुलं गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात नेली. हजेरीचा आकडा सुधारण्याची ही एक रीत. दुसरी, पटावर ‘ह’ लिहिण्याची, स्वस्त आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर मेंढरांमागे जाणाऱ्या पोरांना शाळेत आणण्यासाठी जे काही करतो, ते कुठल्याच तपासणीच्या नमुन्यात बसणारं नाही, आणि शेवटी दुष्काळ सगळं गावच उठवून नेतो.

जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. आकड्यांवर त्यांच्याइतकी हुकमत असलेला शिक्षणतज्ज्ञ देशात दुसरा नव्हता, असं म्हटलं तरी चालेल. आयुष्यभर आकड्यांत वावरून त्यांनी १९७५ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याचा विषय समता, दर्जा आणि संख्या यांचा हातात न येणारा त्रिकोण हा होता. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनी पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतर्फे दिवसा राबणाऱ्या मुलामुलींसाठी गावोगाव रात्रीचे वर्ग चालवले. त्या मुलांची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न आला. शाळेने एकदा नापास करून हाकललेल्या मुलाला पुन्हा प्रश्नपत्रिका दाखवली तर ते पळून जाणार. म्हणून त्यांनी बालजत्रा भरवली. गावोगावची मुलं एकत्र यायची, खेळ, गाणी, कोडी, हिशेब करायची, आणि कुणाला काय येतं ते त्या गडबडीतच कळायचं. शिक्षकांना, पालकांना आणि मुलांना एकाच वेळी, एकाच मैदानात. १८५३ ची पुण्यातली जाहीर परीक्षा आणि ही जत्रा यांच्यात एक नातं आहे. दोन्हींत निकाल वर पाठवला जात नव्हता, समोर दिसत होता.

तंत्रज्ञानाचीही पहिली लाट याच सुमारास आली. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शाळेतल्या मुलांसाठी मराठी कार्यक्रम दिसू लागले. ती शिकवण्याची यंत्रणा होती, मोजण्याची नव्हती. निधीअभावी रखडत रखडत २०१७ मध्ये ती बंद झाली. शिकवणारं यंत्र बंद पडत असताना मोजणारी यंत्रं मात्र जोरात होती, हा निव्वळ योगायोग मानायला मन घेत नाही.

१९९१ मध्ये रवींद्र दवे समितीच्या शिफारशींनंतर किमान अध्ययन क्षमतांचं युग आलं. कोणत्या इयत्तेत मुलाला नेमकं काय यायला हवं, याच्या याद्या झाल्या. कल्पना चांगली होती. शिक्षकाच्या वाट्याला आली ती क्षमतांच्या अनुक्रमांकांपुढे खुणा करायची वही. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं आणि परीक्षेच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हेतू पुन्हा उत्तम. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहायची. ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो’, ‘गटात सहकार्य करते’ अशा. चाळीस मुलं, आठ-नऊ विषय, दोन सत्रं. थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि मग त्या मोबाइलवरून फिरू लागल्या. एका गावातला ‘सहकार्य करणारा’ मुलगा आणि शंभर कोसांवरच्या गावातला मुलगा अक्षरशः त्याच वाक्यात सहकार्य करू लागले. डिपोटीच्या दिवशीचं नाटक आता वर्षभर चालणार होतं, तेही लेखी.

या सगळ्याला छेद देणारा आकडा शाळेबाहेरून आला. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी सुरू केली. तिचे एक संस्थापक माधव चव्हाण हेही रसायनशास्त्रातलेच, हार्टोगसारखे. पण त्यांचं माप फारच साधं होतं. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं. मूल घरी, ओट्यावर, आईसमोर वाचणार. शाळेत जाऊन मोजलं तर गैरहजर मूल सुटतं आणि हजर मुलाची तयारी करून घेतली जाते, म्हणून घरी. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही, हे देशाला पहिल्यांदा कळलं ते अशा रीतीने. सरकारांनी आधी हात झटकले, पद्धतीवर शंका घेतल्या. सरकारी संपादणूक सर्वेक्षणं वेगळीच चित्रं दाखवत राहिली. ‘असर’ची मर्यादाही खरी आहे. वाचता येणं म्हणजे समजणं नव्हे, आणि दुसरीच्या गोष्टीपलीकडे हे माप काहीच सांगत नाही. तरी हा आकडा टिकला. एक कारण असं की त्यात अमुक शाळेचं किंवा अमुक मास्तरचं नाव नव्हतं, त्यावर कुणाचं पद अवलंबून नव्हतं, आणि म्हणून तो फुगवण्यात कुणाला रस नव्हता.

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ ‘सरल’ ही संगणक प्रणाली आली. राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन, पार रक्तगटापर्यंत. कल्पना अशी की एकदा माहिती भरली की शिक्षकांचे कागद कमी होतील. त्या पावसाळ्यात गुरुजी रात्री बारा-एकला जागत बसले, कारण दिवसा सर्व्हर चालायचा नाही. ज्या गावात रेंज नाही तिथले मास्तर तालुक्याच्या सायबर कॅफेत ताटकळले. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटसारख्या ठिकाणी खडू, खडे, काड्या आणि रंगवलेल्या फरश्या यांवर मुलं वाचायला-मोजायला शिकत होती, आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत होत्या. धोरण एकच, पण त्याच्या पोटात हे दोन्ही होतं.

पोर्टलचा पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. २०२२-२३ पासून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, आधारशी जुळलेल्या विद्यार्थ्यांवर ठरू लागली. दाखल्यावर ‘गणेश’ आणि आधारवर ‘गनेश’, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, बोटांचे ठसे उमटत नाहीत, अशा कारणांनी मुलं अवैध ठरू लागली. आता वर्गात बसलेलं, डबा खाणारं, पाढे म्हणणारं मूल हिशेबात नाही, असं झालं. मोजण्याची यंत्रणा अचूक होत गेली तशी ती मुलाकडे पाहण्याचं टाळू लागली, हे गावचा साधा मुख्याध्यापकही सांगेल. बोगस मुलं रोखायची होती हे खरं, आणि त्यातली बरीच रोखली गेलीही. किंमत मात्र भलत्याच मुलांनी मोजली.

२०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. प्रश्नपत्रिका राज्याने छापलेल्या, गुण शिक्षकाने पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. हजेरीसाठीही चॅटबॉट. केंद्रातल्या पडद्यावर जिल्हावार, तालुकावार रंगीत आलेख उमटतात. वर्गातल्या शिक्षकाला यातलं फारसं नवीन काही नसतं. हातच्याच्या वजाबाकीत कोण अडतं, हे उत्तरपत्रिका तपासतानाच त्याच्या ध्यानात आलेलं असतं. त्याला हवा असतो पुढचा आठवडा, त्या पाच-सहा मुलांना घेऊन बसायला. पण तोच आठवडा गुण भरण्यात जातो.

करोनाच्या बंद शाळांनी जे घडवलं, ते या पडद्यांपेक्षा ‘असर’च्या त्या एका कागदावर जास्त स्पष्ट दिसलं. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांच्या घरात गेलं. सहा वर्षांत मुलं होती तिथे परत पोचली. हे यश म्हणायचं की काय, यावर अजून वाद चालू आहे.

दरम्यान महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून परत आणली. नापास मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, आणि तीतही नापास झालं तर त्याच वर्गात. २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनेही आपल्या शाळांसाठी तोच नियम केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जादा मार्गदर्शन कोण करणार, याची तरतूद बहुतेक शाळांत तरी दिसत नाही. हार्टोगच्या दोन रकान्यांपैकी स्थगितीचा रकाना तेरा-चौदा वर्षं कायद्याने रिकामा ठेवला होता. तो आता भरायला लागेल, आणि त्यात कोणत्या घरातली मुलं असतील हे सांगायला कुठल्या पोर्टलची गरज नाही.